आत्याच्या विहिरीवर दोन बिअरवाले

दोघे पाहुणे नांदेड स्टेशनातून बाहेर आले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि त्यातल्या एकानं पायरी उतरताच काळी छत्री उघडली. तीन रिक्षावाल्यांनी एकदम आभाळाकडे पाहिलं. ओळीनं तिसरं वर्ष कोरडं गेलेलं, मे महिना लागलेला. छत्रीवर विश्वास ठेवणारा माणूस आमच्याकडे उरला नव्हता.

छत्रीवाला इंग्रज होता. नाव हॅरल्ड, साठी ओलांडलेला, मिशा अशा की घास घेण्याआधी बाजूला साराव्या लागत. दुसरा अमेरिकन, नाव डग, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, दाढी छातीपर्यंत आणि चड्डी गुडघ्यापर्यंत. दोघांचा धंदा एकच, बिअर चाखणं आणि ती कशी करावी ते लोकांना सांगणं. एका धंद्यातली माणसं एकमेकांशी जशी वागतात तशीच ती वागत होती, म्हणजे बोलत नव्हती.

मी त्यांचा दुभाषा. कसा झालो ते आधीच सांगून टाकतो. पुण्याच्या एका कंपनीला मराठवाड्यात क्राफ्ट बिअरचा (थोडी थोडी, जातीनं लक्ष घालून केलेली, म्हणून चौपट महाग बिअर) कारखाना काढायचा होता. जागा दोन पाहिलेल्या. एक मुदखेडजवळ. दुसरी निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला लागलेल्या माझ्या आत्याच्या गावात, बौद्धवाड्यातल्या विहिरीला खेटून असलेलं पडीक रान. रानाचा मालक लातुरात राहतो आणि भाड्यानं द्यायला एका पायावर तयार होता. कंपनी तिथं बोअर मारणार. विहिरीत नळी घालायची गरजच नाही, शेजारी खोल बोअर पडला की विहीर आपोआप मरते. बिअरमध्ये बहुतेक पाणीच असतं, म्हणून पाणी चाखून जागा ठरवायला हे दोघे आले होते.

माणसाला टँकर आणि दारूला जिवंत झरा, हा कुठला न्याय? हे वाक्य माझ्या पत्रकातलं आहे. मी पत्रकं लिहितो. पाण्यावर लिहितो, आमच्या भागाचा नवा जिल्हा व्हावा म्हणून लिहितो, एसटीच्या फेऱ्यांवर लिहितो. ही विहीर बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजोबांच्या पिढीनं स्वतः खणली, कारण गावविहिरीवर त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. यंदा गावविहीर आटली आणि सगळं गाव आमच्या विहिरीवर येऊ लागलं. त्यावरही मी एक पत्रक लिहिलं होतं, पण आत्यानं ते वाटू दिलं नाही. तहानलेल्याला हिणवायचं नसतं, म्हणाली.

कंपनीला दुभाषा हवा आहे हे कॉलेजातल्या एका सरांकडून कळलं आणि मी नाव दिलं. हेतू सरळ होता. ती विहीर मला वाचवायची होती. कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं, इंग्रजी येतं का, तिकडची बोली येते का. पत्रकं लिहिता का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

जीप जब्बारभाईंची. नांदेडचे, पन्नाशीचे, अंगानं भरलेले. माझी पत्रकं गावोगाव पोचवायला हीच जीप असते, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला पुढं बसवत ते हळूच म्हणाले, "मियाँ, बिअरवाल्याचं मीठ खाऊन बिअरवाल्यालाच बुडवणार. शाबास."

मुदखेडला पोचायला तासही लागला नाही. बोअरच्या मालकानं मोटर सुरू केली. पाणी आलं, थांबलं, खोकलं, पुन्हा आलं. हॅरल्डनं कातडी पिशवीतून काचेचा पेला काढला, पाणी घेतलं, वास घेतला आणि गिळलं. पितळेची किल्ली चोखल्यासारखं लागतंय, असं त्याचं मत पडलं. डगनं मात्र एक लाकडी फळी काढली. तिला चार खाचा, प्रत्येक खाचेत एक इवलासा ग्लास. चारही भरले, प्रत्येकातला एक घोट तोंडात खळखळवला, थुंकला, उरलेलं प्लास्टिकच्या बादलीत ओतलं. मग फोनमध्ये गुण लिहिले. चवीचं त्याला काही नव्हतं. कुठलंही पाणी आणा, म्हणाला, मशीनमधून त्यातलं सगळं काढून टाकतो आणि मला हवे ते क्षार घालतो. मी विचारलं, मशीन जे पाणी बाहेर फेकतं त्याचं काय होतं? तो म्हणाला, गटार. इतकं निरागस उत्तर मी कुठल्या पुढाऱ्याकडूनही ऐकलेलं नाही.

फक्त त्याला पाणी भरपूर हवं होतं, आणि हा बोअर तर खोकत होता.

खरं सांगायचं तर तिथं मी एक पाप करायला निघालो होतो. मुदखेडच्या पाण्याची मी तारीफ सुरू केली. इथं पक्कं झालं तर आमची विहीर सुटेल, हा हिशेब. अर्धी तारीफ तोंडातून गेल्यावर बोअरशेजारी कळशी घेऊन उभी असलेली एक बाई दिसली आणि मी गप्प झालो. मुदखेडलाही कुणाची तरी आत्या असणारच. पण माझ्या गप्प बसण्यानं काही बिघडलं नाही, की सुधारलं नाही. चव हॅरल्डला नको होती, पाणी डगला पुरत नव्हतं. दोघांनी मुदखेड खोडलं. राहिली ती आत्याची विहीर.

नांदेडच्या लॉजवर संध्याकाळी पाच वाजता दोघांनी आपापल्या बॅगा उघडल्या. कपड्यांत गुंडाळून दोघांनीही आपल्या देशातल्या बाटल्या आणल्या होत्या. कंपनीला दाखवायच्या होत्या, पण आधी एकमेकांना दाखवायच्या होत्या. आणि इथं त्यांचं पहिलं भांडण झालं, थंडाव्यावरून. डगनं बर्फ मागवला. हॅरल्डला बर्फाचं नाव काढताच ठसका लागला. बिअर तळघराइतकीच गार हवी, त्याहून गार केली की चव मरते, म्हणाला. नांदेडच्या लॉजला तळघर कुठलं? खोलीत ठेवलेली बाटली चहासारखी तापली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळू म्हणाला, तर मी आडवा आलो. गोणपाटाला पाणी मी देणार नव्हतो. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या माठावर गेली. जब्बारभाईंनी दोन्ही हात पसरून माठ अडवला. "तोबा, तोबा. प्यायच्या पाण्यात दारूची बाटली? साहेब, माठ फोडा, पण हे नको." शेवटी बाटल्या कूलरच्या टाकीत सोडल्या. तासाभरात हॅरल्डला हवा तेवढाच गारवा मिळाला. इंग्रजांच्या तळघराचं काम आमच्या वाळ्याच्या कूलरनं केलं, याची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून इथं लिहितो.

मी चाखली नाही. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यात दारू न पिण्याची एक. ती घरात आजवर पाळली आहे आणि मोडणारा मी नव्हे. पण वास घ्यायला कुणी मनाई केलेली नाही. हॅरल्डच्या बिअरला खरपूस भाकरीचा आणि गुळाच्या काहिलीचा वास होता. रंग उकळून ठेवलेल्या कोऱ्या चहाचा, फेस नावापुरता. डगची बाटली उघडली तर खोलीभर संत्र्याची साल, कैरीचा चीक आणि कडुनिंबाचा पाला. ती इतकी कडू होती की पिताना त्याचं स्वतःचंच तोंड वाकडं झालं, आणि त्यावर तो खूश. जब्बारभाई दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "कडूच प्यायचं तर हकिमाचा काढा काय वाईट? विमानानं पालापाचोळा आणून पिऊन राहिलेत."

मग दोघांनी मला साक्षीदार करून आपापल्या देशाची बाजू मांडायला सुरुवात केली. हॅरल्डच्या गावात बिअर टेबलावर कुणी आणून देत नाही, उठून गुत्त्याच्या फळीपाशी जावं लागतं. तिथं रांग नसते, माणसं वेडीवाकडी उभी असतात, पण पुढची पाळी कुणाची हे प्रत्येकाला ठाऊक असतं. मध्ये घुसला त्याच्याशी लोक महिनाभर बोलत नाहीत. आणि एकट्यापुरती कुणी आणत नाही. एकजण सगळ्यांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. आपली पाळी झाल्याशिवाय घरी जायचं नाही. त्याच्या तरुणपणी एक माणूस आपली पाळी यायच्या आत बायको आजारी म्हणून निघून गेला होता. त्याच्या नातवाला अजून त्यावरून ओळखतात.

डगकडे असं काही नाही. तिथं प्रत्येकाची फळी वेगळी, तिच्यावर चार लहान ग्लास, चारांत चार बिअरी. मुलगी हसत येते, नाव सांगते, आणून देते. जी आवडली ती प्यायची, नाही आवडली ती ओतून द्यायची. वेळ कुणालाच नसतो आणि निवड पुष्कळ असते. बिअरचं नाव जितकं चमत्कारिक तितकी ती चांगली. हॅरल्डकडे बिअरला करणाऱ्याचं नाव असतं, बहुधा मेलेल्याचं.

ओतून देण्याचं ऐकून हॅरल्डनं मिशीवरून हात फिरवला. आम्ही गिळतो, म्हणाला. गिळल्याशिवाय बिअरबद्दल बोलणं म्हणजे लग्नाला न जाता जेवणाला नावं ठेवणं. आणि जसं गावचं पाणी तशी गावची बिअर, ते बदलायचं नसतं. डग म्हणाला, म्हणूनच तुमच्याकडे दोनशे वर्षं एकच बिअर आहे.

मला दोघांचाही संताप येत होता, पण तो नीट वाटून देता येईना. डगवर रागावणं सोपं होतं. हॅरल्डवर गुलामगिरीचा राग काढावा म्हटलं, तर आमच्यावर राज्य निजामाचं होतं. इंग्रजावर रागवायचं तर पुण्या-मुंबईच्या माणसाच्या वतीनं रागवावं लागतं, आणि तेवढा उत्साह माझ्यात नव्हता. शिवाय मला एक अडचण कळून चुकली होती. हॅरल्डला पाण्याची चव वाईट लागली पाहिजे आणि डगला पाणी कमी दिसलं पाहिजे. एकाच विहिरीबद्दल दोन खोट्या गोष्टी.

दुसऱ्या दिवशी लातूरकडे निघालो. लोह्याच्या पुढे रस्त्याकडेला नुसती ढेकळं. जनावरं सावली शोधून उभी होती, सावली मात्र खांबांचीच. अहमदपूरला चहाला थांबलो तर दोन गोरे साहेब आणि मांडीवर फाईल पाहून टपरीभोवती वीस-पंचवीस माणसं जमली. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की नव्या जिल्ह्याची पाहणी आली. एक टोपीवाले आजोबा पुढे होऊन म्हणाले, "साहेबाला सांग, जिल्ह्याचं ठाणं हितंच पायजे. उदगीरला केलं तर आमी परत हाय तितंच." उदगीरकडचा एकजण उसळला. मी दोघांची भाषणं इमानानं हॅरल्डला सांगितली. त्याचा चेहरा लाल झाला. त्याच्या लहानपणी त्याचं गाव सरकारनं एका रात्रीत शेजारच्या जिल्ह्यात टाकलं होतं. तो अजून पत्रावर जुन्याच जिल्ह्याचं नाव लिहितो. हे मी मराठीत सांगितल्यावर त्याला दुसरा चहा आला, आणि त्याचे पैसे कोण देणार यावरून तिघांची झटापट झाली. हॅरल्ड खुलला. ही तर आमचीच पद्धत, म्हणाला. डगनं चहाला दहापैकी आठ गुण दिले.

झटापटीत फाईल खाली पडली. तिच्यातून एक पिवळा कागद निसटून माझ्या चपलेपाशी आला.

माझं चौदावं पत्रक. टाचणीनं इंग्रजी भाषांतर लावलेलं. "अमृतासारखं गोड पाणी! तिसऱ्या दुष्काळातही आटता आटत नाही! या विहिरीला जगात तोड नाही!" उद्गारचिन्हंसुद्धा भाषांतरकारानं सोडली नव्हती. मागच्या पानावर नव्या जिल्ह्याची मागणी.

कंपनीला आत्याची विहीर कुठून सापडली हे कोडं मला महिनाभर पडलं होतं. रानाच्या मालकावर संशय होता, तलाठ्यावर होता. विहीर वाचवावी म्हणून मी तिची स्तुती केली, आणि ती स्तुती वाचून गिऱ्हाईक दारात आलं.

जीपमध्ये हॅरल्डनं ते भाषांतर पुन्हा वाचलं. हे लिहिणाऱ्याचं पाण्यावर प्रेम आहे, म्हणाला. डगला फक्त एका वाक्यात रस होता. आटत नाही, हे खरं का? मी म्हणालो, पत्रकवाले वाढवून लिहितात. त्यानं विचारलं, तू ओळखतोस याला? चांगलाच ओळखतो, मी म्हणालो, माणूस विश्वास ठेवण्यासारखा नाही. जब्बारभाईंना असा खोकला आला की जीप रस्त्याच्या खाली उतरली.

लातूरच्या लॉजवर भिंतीला पाटी होती, एका खोलीस एक बादली. हॅरल्डनं त्या बादलीत दाढी केली, मोजे धुतले आणि उरलेलं पाणी दारातल्या कुंडीला घातलं. डगनं बादली पाच मिनिटांत संपवून दुसरी मागितली. मिळाली नाही. मी अंगणात जाऊन आत्याला फोन लावला.

माझी आत्या, धुरपताबाई. सत्तरीला आलेली, विहिरीची पाळी गेली दोन वर्षं तीच ठरवते. मी तिला सगळं सांगितलं, पत्रकाचंसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कणगी भरली म्हणून कुणी गावभर वरडत फिरतं का रं?" मी धीर करून सुचवलं, उद्या पाहुण्यांना द्यायच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक. म्हाताऱ्याला चव नाही आवडली की एक तरी कमी होईल.

"पाव्हण्याला खारं पाणी पाजू?" आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी निलंगा सोडून आत वळलो. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. बौद्धवाड्यातल्या विहिरीजवळ जीप थांबली तेव्हा तिथं माणूस असा एकच होता, बळीराम तात्या. गावातली सगळ्यात जास्त जमीन त्यांच्या घराची. बाकी रांगेत नुसत्या घागरी. तांब्याच्या, पितळेच्या, प्लास्टिकच्या, एक बिनकाठाची. माणसं आपापल्या कामाला, घागरी पाळीला. हॅरल्डनं विचारलं, कुणी घागर पुढे सरकवत नाही? मी म्हणालो, सरकवून बघा. तो रांगेकडे बराच वेळ पाहत राहिला. आमच्याकडे हे डोक्यात असतं, तुमच्याकडे जमिनीवर आहे, म्हणाला.

जीपचा आवाज ऐकून बायका घरांतून बाहेर आल्या आणि आत्यानं घोंगडी टाकली. "या, बसा. पाणी घ्या." आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग नाव-गाव. एरवी तांब्या भरून, यंदा अर्धा. तिनं स्वतःच्या घरच्या वाट्यातलं दिलं. हॅरल्डनं पेला काढलाच नाही. तांब्या तोंडाला लावला, घोट घेतला, डोळे मिटले. मीठ नव्हतं. होती ती लहानपणापासून मला ठाऊक असलेली चव, थंड, थोडी दगडाची, शेवटी गोड. त्यानं तांब्या रिकामा केला आणि आणखी मिळेल का म्हणून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे चव त्याला आवडली. एक गेला.

तेवढ्यात डगनं फळी मांडली. चार घरच्या घागरींतून चार ग्लास भरून घेतले. बायका कौतुकानं देत होत्या. त्यांना वाटलं, पाणी तपासायला डॉक्टर आलाय. त्यानं एक घोट खळखळवला, थुंकला. आणि बादली जीपमध्येच राहिली होती, म्हणून उरलेलं पाणी मातीत ओतलं. दुसरा ग्लास. तिसरा. माती ते लगेच प्यायली, डाग तेवढा राहिला. चौथा उचलताना त्याला कळलं की सगळ्यांचे डोळे त्या डागावर आहेत. शेळीसुद्धा चघळायची थांबली होती.

"ह्ये काय केलं त्येनं?" आत्यानं मला विचारलं.

मी म्हणालो, त्यांच्याकडची चाखायची पद्धत आहे.

"आसंल. आपली बी पद्धत हाय. ती सांग त्येला."

आमच्या विहिरीची पद्धत अशी, की ज्याच्या हातून पाणी सांडलं त्यानं रांगेतल्या शेवटच्या घराला घागर ओढून द्यायची. जितक्यांदा सांडलं तितक्या घागरी. पोर असो, सरपंच असो. मी डगला सांगितलं. त्याचं तोंड कानापर्यंत लाल झालं. माणूस वाईट नव्हता. तिकडे पाणी नळातून येतं आणि नळाला मागचं-पुढचं नसतं, एवढंच. तो निमूट उठला आणि रहाटापाशी गेला. लगेच हॅरल्डनं कोट काढून माझ्या हातात दिला. एक उठला की दुसऱ्यानं बसून राहायचं नाही, ही त्याच्या गुत्त्यातली रीत.

मी कोट धरून सावलीला सरकलो. आत्यानं मला तिथून बाहेर काढलं.

"तू कुटं चाललास? त्यो पाव्हणा हाय. पाणी सांडू नगं म्हणून तू आधी सांगायला पायजे हुतं. दुभाष्या कशाचा रं तू? तू बी वढ." मग बायकांकडे वळून, "ह्येनं काल फोन करून मला म्हणलंय, पाण्यात मीठ घाल. आन् त्यो पिवळा कागद, अमृत न् फिमृत, त्यो बी ह्येनंच लिवलाय."

बायका हसल्या. बळीराम तात्याही हसले. डग रहाट सोडून माझ्याकडे पाहत उभा होता. काय म्हणतायत त्या, त्यानं विचारलं. दुभाष्याला भाषांतर करावं लागतं. मी केलं. मीठ, फोन, पत्रक, सगळं, एकही शब्द न गाळता. मुदखेडची तारीफसुद्धा मीच वर जोडली, उगाच कशाला ठेवायची.

डग म्हणाला, म्हणजे आटत नाही, हे तू लिहिलंस. खरं आहे का ते?

मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणायचं तर चौदावं पत्रक खोटं ठरत होतं. मी म्हणालो, ओढून बघ.

शेवटची घागर बळीराम तात्यांच्या घरची होती. डगनं ओढलेली पहिली भरून आली, दुसरीही. तिसरीला दोर आणखी सोडावा लागला. ती तीन-चतुर्थांश आली. हॅरल्डची अर्धी, ती गढूळ. माझ्या पाळीला पोहरा खाली गेला आणि दगडावर आपटल्याचा आवाज आला. वर आला तो चिखलाचा लगदा.

"आता थांबा," आत्या म्हणाली. "झरा भरू द्या."

किती वेळ, डगनं विचारलं.

"दुपार कलंस्तोर."

डग विहिरीच्या काठावर पालथा झोपला आणि आत बघत राहिला. फोन काढला, पण गुण लिहायला नाही. कपारीतून झिरपणारं पाणी किती वेळात किती चढतं ते तो मोजत होता. हॅरल्ड त्याच्या शेजारी जाऊन छत्री धरून उभा राहिला. सूर्य डोक्यावर होता आणि ती छत्री दोघांवर होती. तासभर तरी दोघे तसेच होते. मध्येच त्यांचं काहीतरी बोलणं झालं. तीन दिवसांतलं पहिलं न भांडता झालेलं.

मग डगनं माझ्यामार्फत आत्याला एकच प्रश्न विचारला. सगळं गाव यातलं किती पाणी पितं?

"जेवढं येतंय तेवढंच पितंय," आत्या म्हणाली.

परतताना जीपमध्ये मी हॅरल्डची विनवणी केली. चव वाईट आहे एवढं लिहा, माझी चूक आहे, तिची शिक्षा विहिरीला नको. तो ठाम नाही म्हणाला. चाळीस वर्षांत प्यायच्या गोष्टीबद्दल त्यानं खोटं लिहिलं नव्हतं, आणि एवढ्या चांगल्या पाण्याबद्दल तर लिहिणारच नव्हता. मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. औसा येईपर्यंत त्यानं मांडीवर फाईल ठेवून काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग फाईल डगकडे दिली. डगनं वाचून खाली सही केली आणि कागद माझ्यापुढे धरला. मला वाटलं, चार पानांचा अहवाल असेल. दोन वाक्यं होती. पाणी उत्तम आहे. शिल्लक नाही.

एकाला चव कळत होती, दुसऱ्याला मोजमाप. दोघांच्या सह्या एका कागदावर यायला तीन घागरी पाणी मातीत जावं लागलं असतं, तर मला पटलं नसतं. पण तीन ग्लासांवर भागलं.

लातूर स्टेशनावर हॅरल्डनं माझ्या चौदाव्या पत्रकाची एक प्रत मागून घेतली, नव्या जिल्ह्याच्या बाजूसाठी. त्याच्या गावात अजून लढा चालू आहे, तिकडे उपयोगी पडेल म्हणाला. जब्बारभाईंना लातुरात दुसरं भाडं मिळालं, म्हणून मी एसटीनं नांदेडला आलो. चार दिवसांनी कंपनीच्या बाईंचा फोन आला. निलंग्याची जागा रद्द झाली होती. तुमच्या भागात दुसरी एखादी चांगली विहीर माहिती आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, विहिरींबद्दल मला आता काहीच माहीत नसतं.

वर्षानुवर्षं मी समजत आलो की एखादी गोष्ट वाचवायची तर तिच्याबद्दल मोठ्यानं बोलावं. निदान पाण्याच्या बाबतीत मला आता तसं वाटत नाही. विसावं पत्रक मी छापखान्यात नेलं ते आजवरचं सगळ्यात लहान होतं, हॅरल्डचीच दोन वाक्यं, एकही उद्गारचिन्ह नाही. जुळारी कागद उलटसुलट करून म्हणाला, "एवढंच?" छापण्याआधी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. यावेळी आधी विचारून छापायचं ठरवलं होतं.

"पाणी उत्तम आहे. शिल्लक नाही."

आत्यानं दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "पयलं काढ."

उरलं तेवढंच छापलं. मागच्या पानावर नव्या जिल्ह्याची मागणी आहे तशी ठेवली.